गॅरेजच्या दाराचे दोन डोळे

तीर्थस्वरूप दादांना,

आपल्या बहिणीच्या यजमानांचा वाकून नमस्कार (कंबर धरल्यामुळे निम्माच पोचेल, उरलेला समजून घ्यावा). आपला गुडघा कसा आहे? इकडे आपल्या बहिणीची प्रकृती उत्तम आहे. माझ्याशी बोलत नसल्यामुळे तिच्या घशालाही आराम पडला आहे. पत्रास कारण की, गॅरेजच्या दारांबाबत लोक किती निष्काळजी असतात, हे आपल्याला सविस्तर कळवावं असं फार दिवस मनात होतं.

आमच्या गॅरेजचं दार विजेवर वरखाली होतं, हे आपण मुक्कामाला आला होतात तेव्हा पाहिलंच आहे. दाराच्या दोन्ही अंगांना, जमिनीपासून वीतभर उंचीवर, एकेक छोटा सेन्सर असतो (मी त्यांना डोळे म्हणतो). दोघे दिवसभर एकमेकांकडे पाहत असतात. दार खाली येताना मध्ये कोणी आलं की ते उलटपावली वर जातं. कल्पना चांगली आहे. पण आमच्या डोळ्यांना मांजर दिसे, झाडू दिसे, वाळकं पान दिसे, आणि संध्याकाळचं ऊन पडलं की काहीच दिसत नसे. मी गाडी आत घ्यावी, बटण दाबावं आणि दाराने अर्ध्यावर येऊन परत फिरावं, असं एकदा लागोपाठ अकरा वेळा झालं. बाराव्या वेळी शेजारी बघायला आले.

मी कारखान्यात एकतीस वर्षं सुरक्षा अधिकारी होतो (लग्न जमवताना आपण त्याच हुद्द्यावर भाळला होतात). तिथे एका कामगाराने प्रेसच्या संरक्षक जाळीचा स्विच तारेने बांधून ठेवला होता, म्हणजे जाळी उघडी असली तरी मशीनला ती बंद वाटावी. मी त्याला सगळ्यांसमोर असा झापला की तो दोन दिवस जेवला नाही म्हणतात. युक्ती मात्र माझ्या डोक्यात राहिली. मी दोन्ही डोळे खालून काढले आणि वर छताजवळ, समोरासमोर, चार बोटांच्या अंतरावर ठोकून दिले. आता त्यांच्या मध्ये यायचं तर पालच हवी. दार जोर कमी लावतं असं वाटलं म्हणून त्याचा स्क्रूही दोन आटे पिळला. दार गुमान बंद होऊ लागलं. हिने विचारलं, हे असं चालतं का? मी म्हटलं, तू हे मला विचारतेस?

मग एका रविवारी लेक नातीला घेऊन आली. नात दोन वर्षांची आहे, म्हणजे जिथे जाऊ नये तिथे सगळ्यांच्या आधी पोचणारी. लेकीने तिला बाळगाडीतून उचलून कडेवर घेतलं आणि रिकामी गाडी दारातच सोडून आत आली. मी सवयीने भिंतीवरचं बटण दाबलं (दाराकडे न पाहता. दार पुरतं बंद होईपर्यंत नजर हलवू नये, असं मीच चारचौघांत सांगत असतो). दार खाली आलं, आणि येतच राहिलं. बाळगाडीची चाकं चार दिशांना गेली. लेकीने नातीला इतकं घट्ट धरलं की ती रडायला लागली. मग लेकीने वर पाहिलं आणि एवढंच विचारलं, “बाबा, हे वर कोणी लावले?” मी दिलेलं उत्तर विस्तारभयास्तव इथे लिहीत नाही. चहासुद्धा न घेता ती गेली. त्याला पाच रविवार झाले. मी फार घाबरलो, दादा.

दुसऱ्याच दिवशी दारं दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. त्याने डोळे जागेवर बसवले, स्क्रू सैल केला, दाराखाली लाकडी फळी आडवी ठेवून पाहिली. दार फळीला टेकलं आणि अदबीने वर गेलं. बटण नातीच्या हाताला लागू नये म्हणून उंच नेलं (आता हिलाही स्टूल लागतं). डोळे वर नेणारा दीडशहाणा कोण, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, आधीचे मालक. घर मीच बांधलेलं आहे. फळीची चाचणी महिन्यातून एकदा घ्या म्हणाला, मी रोज घेतो. हे सगळं लेकीला कळवलं, तर ती म्हणाली, “बघू.” लहानपणी ती काही मागायची तेव्हा मी हेच म्हणायचो.

असो. आपणही दारांपासून जपून असावं. वहिनींना नमस्कार.

आपला,
मेहुणा

ता. क. मूळ मुद्दा राहूनच गेला. लेकीला मी दिलेलं उत्तर ‘तुझ्या मामाने’ असं होतं. तोंडातून निघून गेलं. भाचीचा मामावरचा राग टिकत नाही, असा माझा अंदाज होता. तरी तिचा फोन आल्यास आपण नाही म्हणू नये, जरा खजील व्हावं, एवढीच विनंती.

ता. क. २. पाकिटाला तिकीट लावलं आणि राहवेना. मीच लेकीला फोन करून खरं सांगितलं. ती म्हणाली, “बाबा, मामाला साधा खिळा ठोकता येत नाही. तुम्ही कधी सांगताय याचीच वाट बघत होते.” तेव्हा आपण खजील होण्याची गरज उरलेली नाही. तिकीट वाया जाऊ नये म्हणून पत्र पाठवतो.

ता. क. ३. येत्या रविवारी ती येते आहे. आपणही यावं, कारण बटणाचं काम तिने आपल्याकडे दिलं आहे. मी बटणाला हात लावायचा नाही. दार पुरतं बंद होईपर्यंत नातीचा हात धरून लांब उभं राहायचं आणि हात सोडायचा नाही, असं तिने मला दोनदा बजावलं. एकदा सांगितलं असतं तरी चाललं असतं.