पापूंचा कोट

रविवार, नोव्हेंबर. जर्सी सिटी.

मराठीत लिहितेय, म्हणजे डॅड वाचणार नाहीत. पापू गेल्यावरची ही पहिली थंडी. पापू म्हणजे डॅडचे वडील, ग्रीसहून आलेले. इथल्या बर्फात अंजीर जगत नाही, हे त्यांना मान्यच नव्हतं. दर थंडीत ते अंगणातल्या अंजिराला गोणपाट गुंडाळायचे, वरून स्वतःचा कोट घालायचे आणि शेंड्यावर बादली उपडी ठेवायचे. शेजाऱ्यांना सांगायचे, "हा माझा भाऊ. लाजतो, बोलत नाही." मी शाळा सोडली तेव्हा घरात सगळे रडले. पापू म्हणाले, "चला, माझ्या लाजऱ्या भावाला कंपनी मिळाली."

आज मी तोच कोट घेऊन डॅडकडे गेले. म्हटलं, झाड गुंडाळू या.

"कशाला? हे घर विकलंय. ते लोक झाड तोडून तिथे गाडी लावणार."

"तरी पण."

"तरी पण काय?"

मला पुढे बोलताच येईना. नेहमीचंच. डॅडनी कोट घेतला, नाकाशी धरला, मग स्वतःच घातला आणि आत जाऊन बसले. अजून काढला नाहीये. आता मागू कसा?

झाड उघडंच आहे. त्याला थंडी वाजत असेल, एवढंच म्हणायचं होतं मला.