साक्षीदाराची सही

महाड,
रविवार, १८ जून २००६

ती. स्व. सौ. ताईस,
विनीताचा सा. न. वि. वि.

पाकीट हातात पडताच तू भावोजींना म्हणशील की वीस किलोमीटरवरून ही बया टपाल धाडते, घरात फोन काय शोभेला ठेवलाय. फोनवर समोरच्याचं बोलणं संपलं की तो नुसता श्वास घेतोय हे मला आजतागायत ओळखता आलेलं नाही. पत्रात तू मध्येच बोलत नाहीस, म्हणून पत्र.

पुण्याच्या डॉक्टरबाईंचा अहवाल आला. रुचिरचा नव्हे, माझा. मे महिन्यात आमोद त्याला दाखवायला घेऊन गेला तेव्हा तूच मला सोबत पाठवलंस, कारण तुझा नातू माझ्याखेरीज कुणाला बोट धरू देत नाही. त्याला तपासता तपासता बाई माझ्याकडेच बघत राहिल्या आणि नंतर मला एकटीला बोलावलं. तीन बैठका झाल्या. हे मी तुला सांगितलं नव्हतं. रुचिरला जे आहे तेच मलाही आहे, ऑटिझम. बाई म्हणाल्या की हा आजार नाही, मेंदूची घडणच जन्मापासून निराळी, त्यामुळे औषधही नाही. तुमच्या पिढीत कुणी ओळखलं नाही, आणि हुशार मुलींचं तर मुळीच नाही, असंही म्हणाल्या.

अहवाल सात वेळा वाचला. रडू येईल असं वाटलं होतं, पण नुसती झोप आली. आज दुपारी दोनला झोपले ती सहाला उठले. ताई, मी फार दमले आहे गं. कुणाकडे भेटायला गेलं की किती वेळ बसायचं, कुणी वारलं तर पहिलं वाक्य काय, 'काय मग' म्हटलं की काय उत्तर द्यायचं, हे सगळं मी वहीत लिहून पाठ केलेलं आहे. पाहुण्यांपुढे मी जे हसते ते हसणंसुद्धा तुझं आहे. मी बारा वर्षांची असताना तुझं बघून उचललं. लोकांना हे सगळं न लिहिता येतं, हे मला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळलं.

आता कामाचं. आमचे मुख्याध्यापक ३१ जुलैला निवृत्त होतात. सेवाज्येष्ठतेच्या यादीत त्यांच्यानंतर मीच. पद नको असेल तर २० जुलैपर्यंत स्वतःच्या अक्षरात नकार लिहून द्यायचा, त्यात कारण लिहायचं आणि खाली जवळच्या नातेवाइकाची साक्षीदार म्हणून सही घ्यायची. मागे एका शिक्षकाने नकार दिला आणि नंतर संस्थेने जबरदस्तीने लिहून घेतला म्हणून तक्रार केली, तेव्हापासून ही पद्धत. मी नकार देणार आहे. कारण म्हणून अहवालात आहे तेच लिहीन. सही तुझी हवी.

भावोजींना नमस्कार, श्रियाला आशीर्वाद. लोभ आहे तसा राहू दे, वाढवायची सक्ती नाही.

तुझी,
विनीता


पोलादपूर,
शनिवार, २४ जून २००६

चि. विनीतास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. चार दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं ते वाचून तू पुन्हा पत्र पाठवलं नसतंस.

विने, हे काय खूळ घेऊन बसलीस? पुण्याच्या डॉक्टरांना गिऱ्हाईक लागतं. तिथे दारात चप्पल काढायला गेलेल्यालासुद्धा ते काही ना काही काढून देतील. तू गणितात तालुक्यात पहिली आलीस, सव्वीस वर्षं शिकवते आहेस, घर स्वतःच्या पैशाने घेतलंस. यात आजार कुठे आला? तू थोडी एकलकोंडी आहेस, एवढंच. नि रुचिरचं म्हणशील तर आमोदही चौथ्या वर्षापर्यंत बोलला नव्हता. लेकराच्या कपाळावर आत्तापासून शिक्का नको, आणि तुझ्याही नको.

पदाबद्दल तर मी ऐकूनच घेणार नाही. आपल्या अण्णांनी छत्तीस वर्षं शाळेत काढली, पण मुख्याध्यापकाच्या खुर्चीत एक दिवस बसले नाहीत. तुझा नंबर लागतोय हे मी साऱ्या पोलादपूरला सांगून बसले आहे. ह्यांनी पेढ्यांची ऑर्डरसुद्धा सांगून ठेवली. आता काय तोंडाने रद्द करू? मागे मुख्याध्यापक रजेवर होते तेव्हा तू तीन महिने ते काम केलंसच की. एक बक्षीस समारंभ बिघडला म्हणून कुणी जन्माचं काम सोडतं का?

भांडी घासताना चंद्राबाईने मला विचारलं की बाय, रडतेस कशाला. तिला थोडंसं सांगितलं. तर म्हणते कशी की धाकली बाय पयल्यापासून तशीच हाय, मग आता नवीन काय झालं. बघ, तिला कळतं ते तुला कळत नाही.

श्रियाचं बिरवाडीचं स्थळ जवळजवळ ठरल्यात जमा आहे. मुलाचे काका तुमच्या संस्थेच्या मंडळावर आहेत हे विसरू नकोस. रात्रीचं दूध पीत जा.

तुझी,
ताई


महाड,
रविवार, २ जुलै २००६

ती. स्व. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

चंद्राबाईचं बरोबर आहे. डॉक्टरबाईंनी तीन बैठका घेऊन जे सांगितलं ते तिने भांडी घासताना सांगितलं.

त्या बक्षीस समारंभाबद्दल तू 'बिघडला' असं लिहिलंस. बिघडला नव्हता, वेळेवर झाला, तीच अडचण झाली. पत्रिकेवर दहा वाजता असं छापलेलं होतं. पाहुणे आले नव्हते. मी दहा वाजता सुरू केला, बक्षिसं स्वतः वाटली आणि दहा पन्नासला राष्ट्रगीत घेतलं. 'जनगणमन' चालू असताना अध्यक्ष फाटकातून आत आले आणि हार घालायला पुढे केलेली मान तशीच ठेवून उभे राहिले. सगळी शाळा हसू दाबत होती. मला वाटलं मी उत्तम काम केलं. संध्याकाळी चार जणांनी मला समजावलं की अध्यक्ष येईपर्यंत दहा वाजत नाहीत. हे कुठेही लिहिलेलं नव्हतं.

पण तू ऐकलेलं एवढंच. पुढचं तुला माहीत नाही. त्या तीन महिन्यांत दिवसभर दारात कुणीतरी उभं असायचं, फोन वाजायचा, एकाच वेळी तिघं बोलायचे, आणि बोलायचे त्यापेक्षा त्यांच्या मनात दुसरंच असायचं. जानेवारीअखेर एका दुपारी मला शब्द ऐकू येईनासे झाले, नुसते आवाज. मी प्रयोगशाळेच्या सामानाच्या खोलीत जाऊन दिवा बंद करून जमिनीवर बसले. गणू शिपाई शोधत आला. त्याने काही विचारलं नाही, फक्त म्हणाला की बाई, बसा तुमी, कोन नाय येत, आणि बाहेर स्टूल टाकून बसला. दीड तास. असं पुढच्या महिन्याभरात पाच वेळा झालं. गणूने कुणाला सांगितलं नाही.

मला गणित शिकवता येतं. वर्गात मीच बोलते, विषय ठरलेला असतो, घंटा झाली की संपतं. ते मी आणखी दहा वर्षं करू शकते. ते दुसरं काम केलं तर दोन वर्षांत मी हेही करण्याच्या लायकीची राहणार नाही, एवढं मला स्वच्छ दिसतंय. अण्णांना ती खुर्ची मिळाली नाही याचं मला वाईट वाटतं. पण त्यांच्यासाठी मी त्यात बसू शकत नाही.

आणि शिक्क्याचं म्हणशील, तर माझ्यावर शिक्के होतेच. शिष्ट, तुसडी, घुमी, माणूसघाणी. त्यापेक्षा हा खरा आहे. रुचिरला निदान ते बाकीचे बसू नयेत असं मला फार वाटतं.

सही करशील का? हो किंवा नाही कळव.

तुझी,
विनीता


पोलादपूर,
शुक्रवार, ७ जुलै २००६

चि. विनीतास अ. उ. आ.

पाच वेळा खोलीत जाऊन बसलीस आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस. मी तेव्हा दर रविवारी तुझ्याकडे येत होते, तू पोहे करून घालत होतीस आणि हसत होतीस. ते कुणाचं हसणं होतं ते आता कळलं.

बरं, नको घेऊस पद. पेढ्यांचं मी बघते. सहीही करते. पण माझं एक ऐक. कारणाच्या जागी सगळे लिहितात तेच लिही, 'घरगुती कारणास्तव'. कुणी पुढे विचारत नाही, कागद फायलीला लागतो आणि संपतं. तू खरं लिहिलंस तर तो कागद मंडळापुढे जाणार, म्हणजे मुलाच्या काकांपुढे. आधी मावशी, मग भाचा, मग ते श्रियाकडे बघणार. तिचं हे चौथं स्थळ आहे, विने. पोरगी सव्विसाची झाली. मी तुझ्या पाया पडत नाही, मोठी आहे म्हणून, पण पडल्यासारखंच समज.

कागद पाठव.

तुझी,
ताई


महाड,
गुरुवार, १३ जुलै २००६

ती. स्व. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

कागद सोबत आहे. तू सांगितलंस ते कारण लिहिलं आहे. सहा वेळा लिहावा लागला, कारण त्या दोन शब्दांशी आलं की माझं अक्षर बिघडत होतं. घरगुती कारण मला काहीच नाही. माझ्या घरात मी एकटी राहते आणि तिथे सगळं ठीक असतं.

मी रागावलेली नाही. श्रियाचं भलं व्हावं असं मलाही वाटतं. फक्त असं झालं की अहवाल आल्यापासून पंचवीस दिवस मी कुणीतरी होते, आणि आता पुन्हा पाठ केलेलं म्हणायचं आहे. मला वाटलं होतं ते संपलं.

सही खाली डाव्या बाजूला. २० तारखेच्या आत परत पाठव.

विनीता


पोलादपूर,
रविवार, १६ जुलै २००६

चि. विनीतास अनेक आशीर्वाद.

तुझा कागद सोबत परत पाठवते आहे. सही केलेली नाही. घाबरू नकोस, पुढचं वाच.

काल दुपारी पेन घेऊन बसले. 'वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे' असं सहीच्या वर तू ठरलेलं वाक्य लिहिलं आहेस. ते वाचलं आणि पेन खाली ठेवलं. तुझ्या वतीने मी आजवर किती खोटं बोलले त्याचा विचार करत बसले. मावशी आजोळाहून आल्या की तुला पित्त झालंय म्हणायचे. शेजारच्या बारशाला तुझी परीक्षा असायची. आणि माझ्या लग्नात तुला ताप आला होता.

तुला ताप नव्हता. बँड सुरू झाला तशी तू भाताच्या खोलीत जाऊन पोत्यांमागे कान दाबून बसलीस. सोळा वर्षांची घोडी. सासरची माणसं दारात आली होती. मी शालू सावरत आले, तुझ्यावर ओरडले आणि बाहेरून कडी लावली. माझ्या हाताने. पाहुण्यांना तापाचं सांगितलं, अंतरपाट धरला, जेवणं झाली, आणि वरात निघाली तेव्हा मी तुला विसरले. महिन्याने माहेरी आले तेव्हा आई म्हणाली की अण्णांनी दिवेलागणीला कडी काढली. तू मला कधी काही बोलली नाहीस. मी बत्तीस वर्षं असं धरून चालले की तुला त्याचं काही वाटलं नसेल, कारण तुला कशाचंच काही वाटत नाही असं आपल्या घरात सगळे म्हणायचे. मीही म्हणायची.

ही सही म्हणजे ती कडीच झाली असती. आता माझ्याच्याने होत नाही. मीही थकले आहे, विने. तुला सांभाळून नव्हे, तुला लपवून.

श्रियाला रात्री सगळं सांगितलं. ती म्हणाली की मावशीला लपवून मिळणारं घर मला नको, आणि मग खूप रडली, तेव्हा तिला ते घर हवं होतं हेही कळलं. आज सकाळी मी आणि हे बिरवाडीला जाऊन आलो. मुलाच्या आईला समोर बसून सांगितलं की माझ्या बहिणीला हे आहे, माझ्या नातवाला हे आहे, आणि तुमच्या कानावर बाहेरून येण्याआधी आमच्या तोंडून यावं. त्यांनी चहा दिला. विचार करून कळवतो म्हणाल्या. काय कळवतील ते सांगता येत नाही. परत येताना एस्टीतून उतरलो तेव्हा माझी पिशवी ह्यांनी घेतली.

आता तू नवा कागद घे. खरं कारण लिही, अहवालात आहे तसंच, काकांना वाचता येईल अशा अक्षरात. मी बुधवारी सकाळच्या एस्टीने येते. तुझ्यासमोर पूर्ण नाव लिहून सही करीन, आणि आपण दोघी जाऊन तो शाळेत देऊ. आमोदलाही आज पत्र लिहिते आहे, की रुचिरसाठी डॉक्टरबाई जे सांगतील ते करा, आजीचं ऐकू नका.

एक विचारायचं आहे. समोर विचारलं तर तू पाठ केलेलं काहीतरी म्हणशील आणि मी ते खरं मानीन, म्हणून इथेच विचारते. त्या खोलीत दिवेलागणीपर्यंत तुला भीती वाटली होती का? बुधवारी मी येईपर्यंत लिहून ठेव. मी वाचताना मध्ये बोलणार नाही.

लोभ तुझ्याकडेच जास्त होता, हे उशिरा कळलं.

तुझी,
ताई