बोअरवेल नसलेला मुक्काम

११ फेब्रुवारी, बुधवार
सेतूच्या डोंगरातल्या मुक्कामाचा झरा आटला. सकाळी त्याचाच फोन. सवयीने दुसरीकडूनही खात्री करून घेतली. नंदिनी, डोंगरात सायकली घेऊन जाणाऱ्या मुलामुलींची म्होरकी, रविवारीच तिथून उतरली. "हो अंकल. हौदाच्या तळाला थोडं गढूळ पाणी, बाकी नुसता पालापाचोळा."
एखाद्या वर्षी मे महिन्यात आटायचा. फेब्रुवारीत कधीच नाही. पाऊसही यंदा बरा झालेला.
बायकोला, वसुला, सांगितलं. सेतू तिचा सख्खा भाऊ. ती दळण आणायला निघून गेली.

१२ फेब्रुवारी
पेपरच्या रविवारच्या पुरवणीतली यादी २७ला द्यायची आहे. 'डोंगरात सायकल चालवणाऱ्यांसाठी पर्यावरणस्नेही मुक्काम'. दर वर्षी मीच करतो, दर वर्षी सेतू पहिला. गेल्या वर्षीचा माझाच मजकूर काढून वाचला: 'बँकेतली नोकरी सोडून आलेल्या मालकाने बांधलेल्या चार मातीच्या खोल्या. पंखा नाही. शौचालयाचं खत बागेला. पाणी झऱ्याचं, प्रत्येकाने आपली बादली आपण वर आणायची. सायकल धुवायची नाही, नारळाच्या काथ्याने कोरडी घासायची. बोअरवेल नाही, आणि मालक ती कधी घेणारही नाही.'
बाकीच्या जागांना फोन केले. एकाने एसी बसवलेत. एकाने जागा विकली. एक म्हणाला, सर, आता लग्नंच घेतो, सायकलवाले नकोत. 'इको' पाटी मात्र तिघांच्याही दारावर आहे.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
ऑफिस. कार्तिका पुरवणीची नवी संपादक, माझ्या मुलीच्या वयाची. सेतूच्या खालच्या अंगाला झालेलं रिसॉर्ट यादीत हवंय तिला.
"त्यांचा पोहण्याचा तलाव पाहिलात?"
"सर, स्ट्रॉ बांबूचे आहेत."
"तलाव कशाचा आहे?"
हसली. वाईट मुलगी नाही. मी म्हटलं, जिथे झोपलो नाही ते मी लिहीत नाही. "मग झोपा ना सर! बोलावतायत तुम्हाला. सायकल धुवायला प्रेशरचा पाइपही आहे."
दोन बोअरवेल आहेत त्यांच्या. त्यांच्यामुळेच झरा गेला असं सिद्ध करता येत नाही. भूजल खात्यातल्या एका निवृत्त माणसाला विचारलं. म्हणाला, असू शकेल. 'असू शकेल' छापता येत नाही.

१६ फेब्रुवारी
गल्लीत टँकर. चेन्नईतल्या आमच्या तिरुवल्लिकेणीतला नेहमीचा तमाशा, हंडे, घागरी, वरच्या मजल्यावरून सोडलेले पाइप. वसु भिजून वर आली आणि भडकली.
"आपण टँकरचं पाणी वापरायचं, प्यायला कॅन आणायचा, आणि अण्णाने मात्र तत्त्वं पाळायची? सांग त्याला टँकर मागवायला."
तिच्यासमोरच सेतूला फोन लावला. तिकडे टँकर भरतात ते रिसॉर्टच्या बोअरवेलवर. त्याची ती पाण्याला तण्णी म्हणणारी तंजावरी बोली, रागातही सावकाश: "भाओजी, ते तण्णी माझंच की हो. गेलेलं तण्णी पुन्हा विकत घेऊ?"
वसुने फोन ओढून घेतला. दोघं तमिळमध्ये भांडली. भांडण खरं असलं की दोघं मराठी सोडतात.

२१ फेब्रुवारी, शनिवार. सेतूकडे
चेन्नई सेंट्रलहून गाडी, मग बस. गुडघा दुखतोय, वरची वाट चालायला फार वेळ लागला. झऱ्याच्या तोंडाशी हात घालून पाहिला. दगड नुसता कोमट नाही, गरम.
संध्याकाळी नंदिनी आणि मंडळी आली, लाल धुळीने माखलेली. आधी ठरलेलं बुकिंग. सेतूने त्यांना येऊ नका म्हणायला हवं होतं. म्हणाला, "पाहुण्यांना नको कसं म्हणायचं?"
आणि दारात प्रत्येकासाठी पाय धुवायला भरलेला तांब्या ठेवला! त्यांच्या घरची रीत, वडिलांपासूनची. हौदाच्या तळाचं फडक्यातून गाळलेलं पाणी होतं ते. मी म्हटलं, अरे, आज तरी नको. ऐकलं नाही.
एका नव्या मुलाने तांब्या उचलला आणि सायकलच्या साखळीवर ओतला. मग दुसऱ्याने. नंदिनी ओरडली तोवर सगळे रिकामे. मुलं ओशाळली. त्यांना सांगितलं कुणी होतं?
सेतू म्हणाला, "परवायिल्लै, असू दे." आणि तांबे उचलून आत गेला. फार वेळ बाहेर आला नाही.

२२ फेब्रुवारी
मुलं काल आंघोळीला म्हणून खाली रिसॉर्टवर गेली ती तिथेच राहिली. सकाळी जीप येऊन सामान घेऊन गेली. नंदिनी स्वतः आली होती, डोळे खाली. "अंकल, रागावू नका."
सेतू: "राग कशाला ग. आंघोळ तर हवीच की."
काल त्याने सगळ्यांसाठी भात आणि उडदाच्या पिठाची, दह्यातली डांगर पच्चडी केली होती. आम्ही दोघांनी तीच खाल्ली. उरलेली शेजारच्या कुत्र्यांना.
निघताना विचारलं, यादीत काय लिहू? म्हणाला, "खरं ते लिहा. तण्णी नाही म्हणून लिहा. यायचे ते येतील."
कोण येणार आहे?

२५ फेब्रुवारी, बुधवार
मजकूर दिला. सेतू पहिला. 'यंदा झरा आटला आहे. पिण्यापुरतं पाणी सोबत न्या.' बाकी वाक्यं तीच. रिसॉर्ट नाही.
कार्तिका: "सर, पाणी नसलेली जागा पहिली?"
"बोअरवेल नसलेली ती एकच उरलीय."
तिने पडद्यावर मजकूर पुन्हा वरपासून वाचला. "ठीक. शुक्रवारी पान लावते."
जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार
दुपारी सेतूचा फोन. मला नाही, वसुला.
बोअरवेल घेतोय. तिरुचेंगोडची बोअर खणायची मशीन शनिवारी सकाळी घाट चढणार. जागा विकायची नाही, आणि पाण्याशिवाय चालवता येत नाही. "भाओजींना तू सांग, मला जमत नाही." पूजेला बहीण हवी, म्हणून हिला बोलावलंय.
वसुचा चेहरा उजळला. मग माझ्याकडे बघून उतरला. "तुला वाईट वाटलं?"
सेतूच्याही खाली वस्ती आहे, तिथे विहीर आहे.
उद्या संध्याकाळी पान छापायला जाईल. 'बोअरवेल नाही' हे तेव्हा अजून खरं असेल. 'कधी घेणारही नाही' मात्र आजच खोटं. कार्तिकाला अजून फोन केलेला नाही. ते वाक्य गेलं तर सेतू यादीत कशासाठी?
वसुने नारळ आणि लिंबं आणून पिशवीत भरून ठेवलीत. शनिवारी दोघं जाऊ. मशीन आमच्या आधी पोचलेली असेल. रविवारी पुरवणी.