बाबांच्या नऊ बटणांची व्यवस्था

हे मृत्युपत्र लिहायचं मी बरेच दिवस टाळत होतो. आधी म्हटलं चांगला पेन मिळू दे. मग म्हटलं टाइप करू, तर टाइप करायला बसून दुपारभर फॉन्टच शोधत राहिलो. आज डॉक्टर सांगून गेले की उद्या सकाळी पहिला नंबर माझा. तेव्हा खालच्या औषधाच्या दुकानातून कोरे कागद मागवले आणि बसलो.

तर मी, खाली सही करणारा, वय सव्वीस, धंदा प्रोग्राम लिहिणे, शिक्षण कॉलेजचं दुसरं वर्ष अर्धवट, कायमचा पत्ता नाही, लिहून ठेवतो की उद्या माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डोकं ठिकाणावर आहे. कोणाचा धाक नाही, कोणी फूस लावलेली नाही, आणि कसली नशा म्हणाल तर इथे चहासुद्धा देत नाहीत. मी उठलो नाही तर पुढीलप्रमाणे व्हावं.

कलम एक. स्थावर काही नाही. एका गावात सहा महिने टिकलो तर खूप, तेही दुसऱ्याच्या खोलीत. बँकेत जे निघेल ते माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईला. पाठीवरची बॅग ज्याला हवी त्याने घ्यावी. तिची चेन अडकते. खालून धरून मग ओढायची. हे सांगायला बॅगेबरोबर कोणी असणार नाही म्हणून इथे लिहिलं.

कलम दोन. माझा कीबोर्ड माझ्या जुन्या रूममेटला. दुसऱ्याच्या कोडमध्ये राहून गेलेला सेमीकोलनसुद्धा त्याला दारातून दिसतो, म्हणून त्याला आम्ही सेमीकोलनच म्हणतो. एकदा माझं काम बघून तो चार लोकांसमोर म्हणाला, "हे तुझ्याच मशीनवर चालतं रे. तू मेलास की हे पण मेलं." तेव्हा मी त्याच्याशी महिनाभर बोललो नाही. पण बरोबर तोच होता. त्याने शिकवलं ते असं: प्रोग्राम बसवायच्या पायऱ्या लिहून काढायच्या आणि कोऱ्या मशीनवर, फक्त तो कागद वाचत, पहिल्यापासून बसवून बघायचं. जिथे अडेल तिथली पायरी आपल्या डोक्यातच राहिली होती असं समजायचं. पासवर्ड कोडमध्ये लिहायचा नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, चालवून बघायची, मग दुसरी. माझी अर्धवट कामं त्याने गिऱ्हाइकांना या पद्धतीने सोपवावीत, आणि या मृत्युपत्राचा अंमलही त्यानेच करावा.

कीबोर्डला अट एक. मी इथे आहे हे फक्त त्याला माहीत आहे, ते घरी कळवायचं नाही, आणि हे त्याला तोंडीही सांगून झालंय. मी गेलो तर कळवावं, आधी नाही. बाबांना एकटं सोडता येत नाही आणि तीन जिने उतरवता येत नाही. ताईने उगाच जीव टांगणीला का लावावा?

कलम तीन. हे महत्त्वाचं, आणि ते शेवटी ढकलत होतो.

बाबांना झटका आला तेव्हा त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. कळतं सगळं, बोलता येत नाही. मी आमच्या जुन्या लॅपटॉपला नऊ मोठ्या बटणांची पाटी जोडून दिली. डाव्या हाताने बटण दाबलं की वाक्य वाजतं. पाणी दे. पाठ दुखतेय. पंखा बंद कर. कूस बदल. सगळ्यात जास्त झिजलंय ते सातवं, "नको म्हटलं ना". ते बाबांनी खाणाखुणा करून मागून घेतलं होतं.

वाक्यं माझ्या आवाजात आहेत, कारण त्या दिवशी घरात माइकपाशी मीच होतो. सगळं लावून मी बॅग उचलली तेव्हा ताई शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "आवाज ठेवून निघालास होय? छान. पाणी तुझ्या आवाजात मागतील, आणून द्यायला मी."

मी म्हटलं, "ताई, दहा मिनिटं बस, वाक्य कसं बदलायचं ते दाखवतो."

"मला नको तुझं ते शिकवू. राहिला असतास तर लागलंच नसतं."

ती बसली नाही आणि मीही थांबलो नाही. हा राग या मृत्युपत्रातून कोणालाच देत नाही. तो माझ्याबरोबर जाऊ दे.

पण ताई, आता शिकावं लागेल, कारण माझ्याशिवाय हे कोणाला येत नाही. मी गेल्यावर बाबांनी माझ्या आवाजात पाणी मागायचं आणि तू ते ऐकत ग्लास भरायचा, हे मला इथे पडल्या पडल्या नको वाटतं. ती वाक्यं तू पुन्हा बोल. खिडकी लाव, पंखा बंद कर, माइकपासून वीतभर लांब बस. फाइल 'आवाज' नावाच्या फोल्डरमध्ये ठेव. तिथेच 'यादी' आहे. तिच्यात एका ओळीवर बटणाचा आकडा, स्वल्पविराम, फाइलचं नाव. स्वल्पविराम विसरलीस तर सगळीच बटणं गप्प होतील. घाबरू नकोस, स्क्रीनवर लाल अक्षरं येतील, त्यातली शेवटची ओळ वाच, ओळ नंबर तिथेच असतो. हात लावण्याआधी अख्ख्या फोल्डरची एक नक्कल पेन ड्राइव्हवर घे, आणि ती दुसऱ्या मशीनवर उघडून वाजवून बघ. वाजली नाही तर ती नक्कल नाहीच.

लॅपटॉप टेबलावरून हलवू नये. त्याची बॅटरी गेलेली आहे. प्लग निघाला की बाबा मुके.

कलम चार. माझी जुनी वाक्यं पुसायची की ठेवायची, हे बाबांनी ठरवावं. त्यांना 'पुसू का' असं विचारावं आणि सातवं बटण दाबतात का ते बघावं. त्यावर कोणी हरकत घेऊ नये.

येणेप्रमाणे माझ्या राजीखुशीने लिहिलं, वाचून पाहिलं, बरोबर आहे.

स्थळ: रुग्णालय, तिसरा मजला, खिडकीजवळची खाट.
तारीख: शस्त्रक्रियेचा आदला दिवस, दुपार.
सही: (केली)

साक्षीदार पहिले: शेजारच्या खाटेवरचे सुतारकाका. सही केली, आणि म्हणाले, "पोरा, एवढं लिहिलंस त्यापेक्षा एक फोन केला असतास."

साक्षीदार दुसऱ्या: वॉर्डच्या सिस्टर. सही राहिली आहे. पेन हातात घेतला तेवढ्यात त्यांना खालून बोलावणं आलं. आत्ता परत आल्यात, त्या म्हणाल्या ते जसंच्या तसं लिहितो.

"खाली व्हीलचेअरवर एक आजोबा आलेत. मांडीवर लॅपटॉप आणि मोठ्या बटणांची पाटी. मी विचारलं, कोणाला भेटायचंय, तर बोलेनात. बरोबरच्या बाईंनी माझ्या टेबलाखाली वाकून प्लग शोधला, वायर लावली आणि त्यांच्याकडे बघत उभ्या राहिल्या. आजोबांनी बटण दाबलं."

"काय वाजलं?"

"'माझा मुलगा कुठल्या खाटेवर आहे.' बाईचा आवाज होता. शेवटी जरा घोगरा झालेला."

असं वाक्य मी भरलेलं नाही.

सेमीकोलनने अट मोडली. कीबोर्ड तरी त्यालाच द्यावा. सिस्टर सही करत नाहीयेत, माझ्या खाटेमागचा प्लग चालतो का ते बघतायत. लिफ्ट वर येतेय.