बिळातलं पिल्लू

बाई, तुम्ही गेल्यावर वर्षभराने मी पक्ष्यांवर संशोधन करायला क्योतोला आलो, तो इथलाच झालो. कॉलेजात असताना तळ्यावर माझ्या वहीतली एक नोंद तुम्ही खोडली होतीत. न पाहिलेला पक्षी मी लिहिला होता. "कोरी ओळ चालेल मला, खोटी नको," म्हणालात, आणि घरी नेऊन थालीपीठ वाढलंत. तेव्हाही लाज वाटली होती, पण आत्ताइतकी नाही.

गेल्या वर्षी मी एका निर्मनुष्य बेटावर गेलो. टोकियोहून दक्षिणेला पुरा एक दिवस जहाज, पुढे लहान बोट. तिथले समुद्रपक्षी जमिनीत बिळं करतात. संध्याकाळी आभाळ काळं करून परततात आणि पायाखालून पिल्लं ओरडू लागतात. जमीन पोकळ, म्हणून बुटांना रुंद फळ्या बांधून चालायचं. बोटवाले आजोबा सत्तरीचे. चढण्याआधी प्रत्येकाची बॅग उलटी करून झटकतात, कारण एक उंदीर जरी पोचला तरी पिल्लांचा फडशा पडेल.

शेवटच्या दुपारी बोट थांबलेली, मला घाई. फळ्या काढून मी उतारावरून आडवा निघालो आणि पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. खाली राखाडी लवीचं पिल्लू चिरडलं होतं. हातात घेतलं तर अजून ऊबदार. बिळाला नंबर होता, नोंद करणं भाग होतं. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, 'बहुधा उंदीर.'

बंदरावरच्या बैठकीत आजोबा सगळ्यांसमोर कमरेत वाकले. "माझ्याच बोटीतून गेला असणार. चूक माझी." बराच वेळ ते वर उठलेच नाहीत. रिवाज म्हणून मीही वाकलो, बाई. कित्येक महिने सापळे लावले, एकही उंदीर मिळाला नाही. तोवर आजोबांनी बोट पुतण्याला देऊन टाकली होती.

शेवटी मी आमच्या प्राध्यापकांना खरं सांगितलं. नोंद दुरुस्त झाली, बेटावर जायची माझी परवानगी गेली. ते एवढंच म्हणाले, "त्यांना मात्र तुम्ही स्वतः कळवा."

त्याला तीन महिने झाले. आजोबांचा पत्ता टेबलावर आहे, आणि मी लिहितोय तुम्हाला, जिथे पत्र पोचणारच नाही. "लिहिलंस का रे त्यांना?" बायको विचारते. इतकं अदबीचं जपानी मला लिहिता येत नाही, असं मी तिला सांगतो.

येतं, बाई.