सर, मी स्पीकर घेतला

सर, मी स्पीकर घेतला. आता ओरडा, हवं तर आधी घसा साफ करून घ्या. गिटारसाठीच घेतला. गिटारला माइक लावायला आलेल्या माणसाला तुम्ही एकदा भर हॉलमध्ये ढकलून खुर्च्यांवर पाडलं होतंत आणि वर लोकांना सुनावलं होतंत, "लाकूड बोलतंय, ऐकायचं असेल तर जवळ या." चार-पाच जण खरंच पुढे येऊन बसले, बाकीचे घरी गेले. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी परवा दुकानाच्या पायऱ्या चढताना माझी मान आपोआप खाली गेली, फटका चुकवायला जाते तशी.

मारायचात तुम्ही. हे मी आजवर कुणाशी धड बोललेले नाही, कारण ऐकणारा लगेच "शिस्त होती हो तेव्हा" असं म्हणतो. ती शिस्त नव्हती. खडकीतल्या तुमच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत मी सतरा वर्षांची मुलगी समोर बसलेली असे, आणि सूर चुकला की माझ्या पायाखालच्या लोखंडी स्टुलाला तुम्ही लाथ घालायचात. त्याची कड माझ्या नडगीवर बसायची. डाव्या हाताचा अंगठा गिटारच्या मानेवरून वर डोकावला की त्यावर तुमची मूठ. आईनं एकदा मनगटावरचं काळंनिळं बघितलं आणि म्हणाली, "गिटार शिकतेस का कुस्ती?" ती तुम्हाला जाब विचारायला निघाली होती, मी तिला तुमच्या जिन्यातून मागे फिरवलं. नायलॉनच्या तारांची गिटार नीट शिकवणारं दुसरं कुणी मला माहीत नव्हतं, आणि मला शिकायचं होतं. फौजेच्या बँडमधून निवृत्त झालेला, एका कानानं कमी ऐकणारा, बायको सोडून गेलेला माणूस, हे तुमच्याबद्दल बाजारातल्या लोकांकडून कळलेलं. तुम्ही स्वतःबद्दल कधी काही सांगितलं नाहीत.

त्या वरातीची दुपार तुमच्या लक्षात असणारच, पण वरून ती कशी दिसली हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. मी एक तान चौथ्यांदा चुकले आहे, कानशिलात एक बसलेली आहे, गाल जळतो आहे. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी डीजेचा टेम्पो येऊन थांबतो. खिडकीच्या काचा थरथरायला लागतात. मांडीवरची गिटार मी न वाजवता आतून हलते आहे, दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात असल्यासारखी. तुम्ही काहीतरी ओरडता, मला फक्त तोंड हलताना दिसतं. मग तुम्ही माझ्या कानाशी तोंड आणून सांगता, "वाजवत राहा. थांबायचं नाही." आणि तारांची टोकं कापायची पक्कड उचलून जिना उतरता.

मी वाजवत राहते. खिडकीतून दिसतं आहे, तुम्ही नाचणाऱ्या पोरांमधून सरळ चालत टेम्पोपाशी जाता, चाकावर पाय ठेवून वर चढता. आणि आवाज तुटतो. एकदम. सर, त्या गल्लीत तेव्हा जी शांतता झाली तशी मी पुन्हा अनुभवली नाही. त्या शांततेत माझी गिटार खाली ऐकू गेली. खरंच गेली. फेटा बांधलेला एक माणूस मान वर करून खिडकीकडे बघत होता. मी तीच तान वाजवत होते आणि ती बरोबर येत होती. मग कुणीतरी तुम्हाला पाय धरून टेम्पोवरून खाली ओढलं.

आता आवाज नव्हता म्हणून सगळं ऐकू आलं. लाथ बरगडीत बसली की कसा आवाज येतो ते मला त्या दिवशी कळलं. तुमची पक्कड कुणीतरी उचलली, तुमच्या उजव्या मनगटावर घातली, परत घातली. मी गिटार खाली ठेवली, लोखंडी स्टूल उचललं आणि जिन्यावरून पळत सुटले. समोर आली ती पहिली पाठ, तिच्यावर मी ते स्टूल हाणलं. तो वळला तेव्हा त्याच्या खांद्यावर हाणलं. तो माझ्याहून फार मोठा नसेल, कपाळावर कुंकू होतं, चेहरा रडवेला झाला. तिसऱ्यांदा उचललं तेव्हा आजूबाजूच्या बायका मध्ये पडल्या. तुम्ही गटाराच्या कडेला पडला होतात, दातांत रक्त, मनगट भलतीकडेच वळलेलं. मी वाकले तर तुम्ही म्हणालात, "तुला कुणी थांबायला सांगितलं?"

मनगट वाकडंच जुळलं. त्यानंतर तुम्ही गिटार धरली नाहीत, फक्त शिकवलीत, आणि डाव्या हातानं मारायला शिकलात. मी मात्र तेव्हापासून स्पीकर शिवला नाही. तुमच्या मनगटाची किंमत मी अशी चुकती करत होते, कुणी मागितलेली नसताना. वाचनालयं, शाळांचे हॉल, एखाद्या आयटी कंपनीची जेवणाची सुट्टी, सगळीकडे नुसत्या लाकडावर वाजवलं. तिसऱ्या रांगेच्या पुढे काही जात नव्हतं. गेल्या पौर्णिमेला आमच्या वाघोलीच्या विहारात वंदना झाल्यावर वाजवायला बसले. अर्ध्या तासानं मागून एक आजी म्हणाल्या, "बाई, तू वाजवतीस का नुसती बोटं हलवतीस? मला तर पंखाच ऐकू येतोय." सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन गिटारची केस मी इतक्या जोरात आपटली की तिची कडी तुटली.

म्हणून दुकानात गेले, स्वतःची गिटार घेऊन. मला काय हवं होतं ते सांगते, शिव्या नंतर द्या. स्कूटरवर पायांमध्ये ठेवता येईल, एका हातानं जिना चढवता येईल, आणि विजेची सोय नसेल तिथे बॅटरीवर चालेल असा. दुकानदारानं आधी गिटारच्या पोटात बसवायचा, तारांचा कंप पकडणारा पिकअप लावून दाखवला. त्यातून माझा आवाज रबराचा होऊन बाहेर आला, तार आहे पण बोट नाही. मग छोटा माइक समोर ठेवला. त्यात बोट होतं, नख होतं, माझा श्वाससुद्धा होता, फक्त जरा आवाज वाढवला की स्पीकर शिटी मारायचा. स्पीकर बाजूला सरकवला, माइक गिटारच्या मानेवरच्या बाराव्या पट्टीच्या जवळ आणला, खालचे जाड सूर थोडे कमी केले, तेव्हा शिटी बसली. सगळ्यात मोठा डबा नको म्हटलं, तो दणकट होता पण माझी गिटार त्यात ढोलासारखी वाजत होती. सगळ्यात छोटा खेळण्यातला वाटला. मधला ठरत आला होता.

तेवढ्यात त्याला हुरूप आला. "मॅडम, बेस बघा याचा," असं म्हणून त्यानं मोबाइल जोडून वरातीतलं गाणं लावलं. पहिल्याच ठोक्याला माझा हात गेला. मी वायर खेचली, नुसती खेचली नाही, उपटली, मोबाइल काउंटरवरून उडून फरशीवर पडला. दुकानदारानं तो उचलला, काच पुसली आणि शांतपणे विचारलं, "मॅडम, विकत घ्यायचाय का फोडायचाय? नुसता फोडायचा असेल तर जुना देतो." मी त्याची माफी मागितली. मग त्याला म्हटलं, तुम्ही एकच तार छेडत राहा, आणि मी चालत रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर जाऊन उभी राहिले. मध्ये रिक्षा, बस, हॉर्न. तरी ती तार येत होती, माझ्या गिटारची, मोठी झालेली पण तीच. मी तिथे उभ्या उभ्या रडले. एका बाईनं विचारलं, काय झालं हो? मी डोळे पुसून दुकानात परतले.

रविवारी दुपारी एका सोसायटीच्या बागेत तो पहिल्यांदा लावला. मागच्या बाकावर विहारातल्या त्या आजी मुद्दाम येऊन बसल्या होत्या. दुसरी रचना सुरू केली आणि समोरच्या इमारतीतून एक माणूस बनियनवर पळत आला, वायर उपटली आणि स्पीकरच्या तोंडावर लाथ घातली. स्पीकर उलटा पडला. "किती वाजवाल? माणसं मरायला टेकलीत वर!" तो ओरडला. पुढच्या रांगेतल्या दोघांनी त्याची मान पकडली, तिसऱ्यानं पोटात गुद्दा घातला. तो खाली बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी डोकं झाकलं.

मी मध्ये शिरले. कुणाचं तरी कोपर माझ्या ओठावर बसलं, तोंडात रक्त आलं. "सोडा त्याला! हात तोडीन एकेकाचा!" असं मी किंचाळले, सर, आणि तो आवाज तुमचा होता. ते खरंच मागे सरले. तो माणूस धापा टाकत म्हणाला, "आई शेवटच्या दिवसांत आहे हो. रोज खाली कोणी ना कोणी काहीतरी लावतंय. ती दचकून उठते." मी विचारलं, "स्पीकरशिवाय वाजवलं तर चालेल?" तो म्हणाला, "वाजवा. नाहीतर नका वाजवू. मला काय." आणि पाय ओढत जिना चढून गेला.

मी तशीच वाजवायला बसले. लोकांनी खुर्च्या जवळ ओढल्या. आता तुम्ही म्हणाल, बघ, हेच सांगत होतो. नाही सर. आजी थोडा वेळ कानामागे हात धरून बसल्या, मग काठी घेतली आणि निघून गेल्या. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. स्पीकरची जाळी चेपली आहे, पण तो चालतो. पुढच्या आठवड्यात मांजरी गावात कार्यक्रम आहे, तिथे नेणार आहे. आजूबाजूला आधी विचारून लावेन, पण लावेन.

हे कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून एक लिहून टाकते. तुम्ही माइक कधी जवळ येऊ दिला नाहीत, त्यामुळे तुमचं वाजवलेलं कुठेही राहिलेलं नाही. लोकांना मी सांगते की सर काय वाजवायचे, अजून कानात आहे. नाहीये. तुमचा हात गालावर कसा बसायचा ते आठवतं, वाजवणं आठवत नाही.