भाच्याने पाडलेला पैलवान

ती. सौ. सानाएताईस,

धाकट्या शिनोबूचा साष्टांग नमस्कार. (कंबर वाकत नसल्यामुळे हा नमस्कार उभ्यानेच केलेला आहे, एकदोन अंगं कमी पडली असतील तर सांभाळून घ्यावीत.) पत्र लिहिण्यास कारण की, तसं कारण काही नाही. तुझी खुशाली कळावी, दाजींचा गुडघा आणि दाजींची होडी या दोन्हींचं कुरकुरणं थांबलं की नाही ते कळावं, यंदा शिंपले बरे लागलेत का ते कळावं, आणि चि. इसाकूला वरचे दात आले का तेही कळावं, एवढंच. त्याला माझे आशीर्वाद सांग. माझा त्याच्यावर राग नाही. मामा भाच्यावर रागावेल कशाला? आणि त्या लेकरानं केलं तरी काय? हसला, दुसरं काय केलं!

फोन का नाही केला म्हणशील. अगं, या सुमोच्या तालमीत भिंती कमी आणि कागदी दारं जास्त. मी नुसतं ‘हॅलो’ म्हटलं की चौदा पैलवानांचे कान टवकारतात. आणि तुझं काय, मी तोंड उघडायच्या आत तू हसायला लागतेस. पत्रात हसलीस तरी मला ऐकू तर येणार नाही. आत्ता दुपारचं जेवण आटोपून अख्खी मंडळी आडवी झालीत, घोरण्यानं दारं थरथरताहेत, आणि मी पाठीला कसल्याशा पाल्याचा गरम लेप लावून पालथा पडून हे लिहितोय. अक्षर वेडंवाकडं आलं तर लेप फार गरम आहे असं समज.

तर त्या दिवसाचं. बाळं रडवायच्या त्या खेळाला तू मला बोलावलंस, म्हणालीस, सख्ख्या मामानं उचललं की पोराला बळ येतं. पहिल्या फळीतला पैलवान गावच्या देवळात येणार म्हणून तू आधी साऱ्या गल्लीत सांगूनही ठेवलं होतंस. (मला नंतर कळलं. माशांच्या बाजारातसुद्धा सांगितलं होतंस.) वस्तादांनी मोठ्या मिनतवारीनं एक दिवसाची रजा दिली. तू समोरच होतीस हे मान्य. पण तू खालून बघत होतीस, वरून ते कसं दिसत होतं ते तुला ठाऊक नाही. खेळ किती सोपा! दोन पैलवान, दोन बाळं, आधी रडेल तो जिंकला. समोर तो कॉलेजातला काडीपैलवान, आणि त्याच्या हातातलं टपाल कचेरीतल्या बाईंचं नातवंड गाढ झोपलेलं. म्हणजे मैदान मोकळं! आपल्या इसाकूनं नुसता ओठ काढला असता तरी चषक घरात होता. पण नाही. पुजारीबुवा मुखवटा घालून ‘रड! रड!’ करून त्याच्या नाकाशी नाचले, हा हसला. मी डोळे वटारले, हा हसला. मी राक्षसासारखी आरोळी ठोकली, तर यानं आनंदानं माझ्या शेंडीत दोन्ही मुठी घातल्या आणि होडीची दोरी ओढावी तसा तो ओढत बसला. वंश दाजींचाच, शंका नाही. मग मला ईर्षा चढली. म्हटलं, याला एकदम डोक्यावर उंच नेऊन गर्रकन वळवावं, घाबरेल. वळवला. तो नाही घाबरला. माझ्या कंबरेत कट्‌ असा आवाज झाला, मी एका गुडघ्यावर आलो आणि माझ्या डोळ्यांत किंचित पाणी तरळलं. पुजारीबुवांना दिसतं कमी. आमच्या बाजूनं आवाज आला एवढं त्यांनी ऐकलं आणि निकालाचा पंखा आमच्याकडे केला. टाळ्या! चषक! आणि चषक मिळाला म्हणून पोरगं पुन्हा हसलं. एक गोष्ट मात्र तू कुणालाही छातीठोकपणे सांग, गुडघा टेकला तरी बाळाला मी हातभरही खाली येऊ दिलं नाही.

परतीच्या गाडीत बसवेना, म्हणून टोकियोपर्यंत दारापाशी उभाच आलो. तिकीट तपासनीस विचारायला आला तर म्हटलं, देखावा बघतोय. तेव्हा बोगदा चालू होता.

आता इथून पुढं जे लिहितोय ते वाचताना तू कृपा करून माझ्याकडे बघते आहेस असं समजू नकोस, मला मान वर करवत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे सरावाला उतरलो. न उतरून करतो काय? मेची स्पर्धा तोंडावर, मी पहिल्या फळीच्या पार शेपटाशी, या खेपेला जिंकण्यापेक्षा हरलो जास्त तर गच्छंती ठरलेली. वस्तादांना काय सांगू? ‘वस्ताद, कंबर गेली, बाळ उचललं’? त्यांनी आयुष्यात दगड उचलले, माणसं उचलली, एकदा म्हणे चिखलातली मोटार उचलली. मी गुपचूप लंगोट बांधायला गेलो. बांधताना स्वतःभोवती गिरकी घ्यावी लागते ना, त्या गिरकीतच मला काजवे दिसले. आणि सरावाच्या धडका छातीवर झेलायला समोर उभा राहिला कोण, तर कुरोमात्सू.

कुरोमात्सू तुला आठवेल. तू गेल्या वर्षी आलीस तेव्हा ज्यानं तुला तिसरा वाडगा जबरदस्तीनं वाढला, तोच तो आमचा आचारी. आचारी म्हणजे पैलवानच, पण वीस वर्षं खालच्या फळीत घासतोय. माझ्याहून बारा वर्षांनी मोठा, तरी मला ‘अहो पैलवान’ म्हणतो आणि मी त्याला अरेतुरे करतो. आमच्याकडे मान वयाला नसतो, फळीला असतो. मी पहिल्यांदा या तालमीत आलो आणि घरच्या आठवणीनं भाताच्या पातेल्यामागं लपून रडत होतो, तेव्हा यानंच मला कांदे चिरायला बसवलं होतं, म्हणजे रडण्याला कुणी नावं ठेवू नयेत. ही स्पर्धा त्याची शेवटची. मंगळवारच्या लढतीला त्याची आई येणार आहे. टोफू विकणारी बाई, दुकान कधी बंद ठेवलं नाही म्हणून वीस वर्षांत पोराला रिंगणात एकदाही पाहिलं नाही. तिनं यंदा दारावर पाटी लावलीय, म्हणे, ‘मुलाला बघायला जाते आहे.’

तर या कुरोमात्सूनं माझ्या छातीला हात लावला. नुसता हात गं! आणि मी ‘आई गं’ करून आडवा. सगळी तालीम धावली. ओट्यावर सराव बघायला आलेला एक वर्तमानपत्रवाला बातमीदार चहा पीत बसला होता, त्यानं चहा सोडून वही काढली. वस्ताद वाकून म्हणाले, ‘काय रे, कुरोमात्सूनं जोरात घेतलं का?’ आणि मी म्हणालो, ‘हो.’

एवढंच. एक शब्द. तोही कण्हताना निघाला. पण निघाला, आणि आत गेला नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की सहकाऱ्याच्या धडकेनं जायबंदी होऊनही मिसाकिइवा रिंगणात उतरणारच. (भूशिरावरचा खडक म्हणून वस्तादांनी मोठ्या हौसेनं माझं ठेवलेलं नाव! खडक म्हणे.) झालं, रीघ लागली. चाहते मंडळाच्या अध्यक्षांनी वाफाळती ईल मासळी पाठवली. कुणी देवाचा ताईत आणला, कुणी अस्वलाच्या चरबीचं मलम. एका म्हातारीनं तर मला बघून हात जोडले. मी ती मासळी खाल्ली, ताई. लाजत खाल्ली, पण सगळी खाल्ली. आणि कुरोमात्सू? तो रोज सकाळी माझ्या अंथरुणाशी येतो, जमिनीला कपाळ टेकतो आणि म्हणतो, ‘पैलवान, माफ करा.’ रश्श्यातला सगळ्यात चांगला तुकडा माझ्या वाडग्यात, आणि वर ‘माफ करा’. न्हाणीत माझी पाठ चोळतो ती गळू असल्यासारखी. मी म्हणतो, अरे बाबा, जाऊ दे, काही झालं नाही. तर तो आणखी रडतो. मी शरमेनं इतका अर्धा झालोय की वजन तेवढंच कसं भरतं याचं मला नवल वाटतं. त्यातून सरावात त्याचा हातच उठेना. कुणालाही धडक द्यायची वेळ आली की ऐनवेळी अंग चोरतो. काल आलेली पोरं त्याला ढकलून बाहेर काढतात. वीस वर्षांत हा माणूस जिंकला फार नाही, पण अंग चोरून कधी हरला नव्हता.

परवा मला राहवलं नाही. भर पंगतीत, पातेलं मध्ये असताना, मी सांगून टाकलं. म्हटलं, वस्ताद, मला कुरोमात्सूनं नाही पाडलं, भाच्यानं पाडलं. सगळ्यांच्या जेवायच्या काड्या हवेत थांबल्या. वस्तादांनी विचारलं, ‘भाचा कोणत्या तालमीत असतो?’ म्हटलं, पाळण्यात असतो. ‘वजन?’ म्हटलं, नऊ किलो. अगदी शेंडी ओढण्यापासून पंख्यापर्यंत सगळं सांगितलं. वस्तादांनी वाडगा खाली ठेवला. मग त्यांचे डोळे भरून आले. ज्या माणसाच्या डोळ्यांत मी कांद्यानंसुद्धा पाणी पाहिलं नाही, तो माणूस म्हणाला, ‘बघा रे गाढवांनो. याला म्हणतात मोठं मन! साथीदाराची मान वाचावी म्हणून हा गडी तान्ह्या पोराकडून हरायला तयार आहे!’

मी म्हटलं, अहो वस्ताद, खरंच. ते म्हणाले, ‘बस कर बेट्या, आता आणखी लाजवू नकोस आम्हाला.’ काकी (वस्तादांच्या मंडळी, सगळा कारभार त्याच बघतात) बाहीनं नाक पुसू लागल्या. वर्तमानपत्रवाला लिहीत होताच. मी जितकं ‘खरंच’ म्हणावं तितका मी मोठा होत गेलो. आयुष्यात एकदा खरं बोललो आणि ते खोट्याहून महाग पडलं.

आणि कुरोमात्सू हुंदका देऊन उठला. म्हणाला, ‘ज्याच्यापायी अशा माणसाला अशी गोष्ट रचावी लागते, त्यानं रिंगणाची पायरी चढू नये.’ शनिवारी, स्पर्धेच्या आदल्या दिवशी, शेंडी उतरवून निवृत्त होणार म्हणतो. स्पर्धा खेळणारच नाही. काकींनी घरातल्या सगळ्या कात्र्या लपवल्यात, कालपासून कोळंबी दातानं सोलतोय आम्ही. त्याच्या आईला अजून कुणी कळवलेलं नाही. तिची पाटी तशीच आहे.

असो. बाकी इकडे सर्व क्षेम. माझी काळजी करू नकोस. डॉक्टर म्हणतात शीर धरलीय, पट्टा बांधून उतरता येईल, लढत सुरू करताना दोन्ही हात जमिनीला टेकेपर्यंत वाकलो की झालं. सध्या गुडघ्याच्या जरा खाली पोचतोय. दाजींना नमस्कार, इसाकूला पापा (लांबूनच).

तुझा धाकटा,
शिनोबू

ता.क. — जमल्यास घरचा खारवलेला मुळा पाठव. इथला गोड असतो.

ता.क. दुसरा — मुळ्याची घाई नाही. दाजींनी त्या दिवशी फोनवर जे चित्रण केलं, ते मात्र लगेच हवंय. मी हातापाया पडलो तेव्हा तू देवळाच्या घंटेखाली उभी राहून शपथ घेतलीस की पुसून टाकते. ताई, मी तुला जन्मापासून ओळखतो. आईच्या हरवलेल्या कंगव्याची शपथ, माझ्या गल्ल्याची शपथ, तू आजवर एकही शपथ पाळलेली नाहीस, आणि मी प्रत्येक वेळी त्यावर बोंब मारलीय. या वेळी तीसुद्धा मोडली असशील, या एका आशेवर मी आहे. शनिवारच्या आत काकींच्या फोनवर पाठव. नंबर पाकिटाच्या मागं लिहिलाय. पंगतीत सगळ्यांना दाखवा म्हणावं, त्या पेपरवाल्यालाही. मग रविवारी मी लढतीआधी रिंगणात मीठ उधळायला उभा राहीन तेव्हा सगळं सभागृह ‘रड! रड!’ म्हणून ओरडेल, हे मला ठाऊक आहे. ओरडू देत. मंगळवारी त्या बाईनं पोराला बघावं.

ता.क. तिसरा — वर मी ‘किंचित पाणी तरळलं’ असं लिहिलंय. तू तिथं होतीस, तेव्हा ते खोडतो. शेवटी मी ‘ताई, धाव गं, याला घे गं’ म्हणून जे भोकाड पसरलंय, तो भाग कापू नकोस. दाजी दयाळू आहेत, ते कापायला बघतील. तो कापला तर वस्तादांना हे पुन्हा मोठं मनच वाटेल. आणि पत्र टाकल्यावर माझा धीर सुटणार, मी उद्या सकाळी फोन करून पाठवू नकोस म्हणून गयावया करणार. अजिबात ऐकू नकोस. तसंही माझं तू कधी ऐकलंयस?